डोमेन घेताना ओळख कोण तपासतं?

शेजारच्या काकूंना ‘केवायसी अपडेट करा’ असा मेसेज आला. लिंकमध्ये बँकेचं नाव, शेवटी डॉट कॉम. मी नोंदणीची तारीख पाहिली, तर डोमेन परवाचंच!

इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ संस्थेच्या २०१३ च्या करारानुसार रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, पत्ता योग्य स्वरूपात आहे का आणि ईमेल किंवा फोन चालू आहे का, एवढंच तपासायचं. त्यालाही १५ दिवसांची मुदत, तोवर साइट सुरूच. ओळखपत्राची सक्ती नाही. भामट्याला दोन दिवसही पुरतात, म्हणून ही ढिलाई मला फार धोक्याची वाटते.

अशी फसवणूक रोखायला रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं. ती नोंदणी फक्त रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली आयडीआरबीटी ही संस्था करते. त्यामुळे बँकेच्या लिंकमध्ये पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का, ते पाहा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. शंका असतील तर कमेंटमध्ये विचारा.