स्थानिक रस्ता सुरक्षा कामांसाठी शासकीय निधी (महाराष्ट्र)

स्थानिक रस्ता सुरक्षा कामांसाठी शासकीय निधी म्हणजे गाव, वाडी, प्रभाग अथवा शाळेच्या परिसरातील रस्ता निर्धोक करण्यासाठी शासकीय तरतुदींतून उपलब्ध होणारे अर्थसाहाय्य होय. सूचनाफलक, झेब्रा क्रॉसिंग, रंबलर, पदपथ, संरक्षक कठडे, पथदिवे, चौकाची सुधारणा इत्यादी कामांचा यात समावेश होतो. हा निधी बहुधा अर्जदाराच्या हाती येत नाही. तो रस्त्याची मालकी असलेल्या यंत्रणेकडे वर्ग होतो आणि काम तीच यंत्रणा करते. त्यामुळे नागरिकांचा 'अर्ज' हा वस्तुतः त्या यंत्रणेने काम हाती घ्यावे यासाठी केलेला सप्रमाण प्रस्ताव असतो.

पार्श्वभूमी

भारतात २०२२ या वर्षी ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. कोइमतूर येथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली. त्याच प्रकरणात ३० नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निर्देशांत जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, राज्यांचा स्वतंत्र रस्ता सुरक्षा निधी आणि अपघातप्रवण स्थळांची दुरुस्ती या बाबींचा अंतर्भाव होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या जिल्हा समितीत पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य या खात्यांचे अधिकारी एकत्र बसतात. एरवी एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची जी सवय असते, तिला निदान या बैठकीपुरता आळा बसतो. म्हणूनच गावाचे निवेदन या समितीच्या विषयपत्रिकेवर येणे महत्त्वाचे असते.

रस्ता कोणाचा?

प्रस्ताव परत येण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे तो चुकीच्या दारी गेलेला असतो. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. शहरांतील रस्ते सामान्यतः नगरपरिषद किंवा महानगरपालिकेचे असतात. राष्ट्रीय महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असतो. एकाच गावातून जाणारा रस्ता वेशीपर्यंत एकाचा आणि पुढे दुसऱ्याचा असू शकतो. रस्त्याचा प्रवर्ग व क्रमांक तालुक्याच्या उपविभागीय अभियंत्याच्या कार्यालयात कळतो. तो निवेदनाच्या पहिल्याच ओळीत लिहावा.

निधीचे मार्ग

ग्रामपंचायतीस आपल्या ताब्यातील रस्त्यांसाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अबंधित अनुदानाचा उपयोग करता येत असे. त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असणे आवश्यक असते. गांधी जयंतीपासून सुरू होणाऱ्या लोकसहभागाच्या मोहिमेत हा आराखडा तयार होतो. तेव्हाच्या ग्रामसभेला गैरहजर राहून फेब्रुवारीत अर्ज घेऊन येणाऱ्यास वर्षभर थांबण्याखेरीज गत्यंतर नसते.

जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतील तरतूद मुख्य असते. तिची लेखाशीर्षे ३०५४ आणि ५०५४ ही जिल्हा परिषदेच्या आवारात सर्वतोमुखी आहेत. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीपुढे पुढील वर्षाचा आराखडा साधारणतः जानेवारीच्या सुमारास येतो. यास्तव मागणी दिवाळीच्या आसपास यंत्रणेकडे पोहोचलेली बरी. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे होतात. त्यासाठी लोकप्रतिनिधीची शिफारस लागते.

१९९३ पासून सुरू असलेल्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेत प्रत्येक खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतच्या कामांची शिफारस करता येते. खासदार शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. टिकाऊ सार्वजनिक मत्ता निर्माण व्हावी हा या योजनेचा हेतू असल्याने पदपथ किंवा कठडा तिच्यात बसतो, केवळ पांढरे पट्टे मारण्याचे काम सहसा बसत नाही. आमदार स्थानिक विकास निधीचे स्वरूपही बरेचसे असेच आहे. जनजागृतीच्या कार्यक्रमांसाठी स्वयंसेवी संस्थांना केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाची साहाय्य योजना आहे. मात्र तीतून रस्त्यावरचे बांधकाम होत नाही.

अपघातांची नोंद

प्रस्तावाचे बळ त्याच्या भाषेत नसून त्यास जोडलेल्या नोंदींत असते. केंद्रीय मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटर लांबीच्या टप्प्यात मागील तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा एकूण १० मृत्यू झाले असतील, तर ते अपघातप्रवण स्थळ, म्हणजेच रूढ भाषेत ब्लॅक स्पॉट ठरते. अशा स्थळास प्राधान्य मिळते. या निकषाची दुसरी बाजू कठोर आहे. जेथे मुले रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात, परंतु अद्याप पुरेसे मृत्यू घडलेले नाहीत, ते ठिकाण यादीत येत नाही.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण संभवते. लहानमोठे अपघात गावातच मिटवले जातात. दुचाकीस्वाराचा पाय मोडतो, चालक औषधोपचाराचा खर्च देतो आणि पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढत नाही. परिणामी गावकऱ्यांच्या स्मरणात बारा अपघात असतात आणि दप्तरी दोन. त्या दोहोंचेही स्थळ 'गावाजवळ' इतकेच नोंदलेले असले, तर नेमका टप्पा सिद्ध होत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने किंवा शाळेने स्वतःची वही ठेवणे हितावह ठरते. तीत दिनांक, वेळ, वाहनांचे प्रकार, दुखापत आणि किलोमीटर दगडापासूनचे अंतर लिहावे. पोलीस ठाण्यातील आकडेवारी सहज न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येते. त्यास उत्तर देण्याची मुदत सामान्यतः ३० दिवसांची आहे.

मृत्यूंचा आकडा कमी असल्यास शाळेची पटसंख्या, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी रस्ता ओलांडणारी मुले आणि त्या अर्ध्या तासात जाणारी अवजड वाहने यांची मोजणी जोडावी. सलग तीन दिवसांची प्रामाणिक मोजणी पुरते, आणि ती वरच्या वर्गातील विद्यार्थीही शिक्षकांच्या देखरेखीखाली रस्त्याच्या कडेपासून दूर बसून करू शकतात.

गतिरोधकाची मागणी

बहुतेक निवेदनांत एकच मागणी असते, ती म्हणजे गतिरोधक. अपघातानंतर संतप्त गावकऱ्यांनी रातोरात घातलेले मातीचे वा काँक्रीटचे उंचवटे अनेकांनी पाहिले असतील. असा उंचवटा रंगवलेला नसतो, त्यापुढे फलक नसतो आणि अंधारात येणारा दुचाकीस्वार त्यावरून फेकला जातो. ज्या दुःखातून तो घातला गेला, त्याच दुःखाची पुनरावृत्ती तो घडवतो.

भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी ९९ या संहितेत १९८८ साली दिलेला गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखरूप जावे अशी त्याची रचना आहे. त्यापूर्वी इशारा देणारा फलकही आवश्यक मानला आहे. राष्ट्रीय महामार्गावर अशी मागणी सहसा मान्य होत नाही. तेथे रंबलर, वेगमर्यादेचे फलक, दिवे, पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग यांचा विचार होतो. यास्तव निवेदनात उपाय ठरवून न देता धोका नेमका कोणता आहे ते लिहावे व अभियंत्याने स्थळपाहणी करून उपाय सुचवावा अशी विनंती करावी.

मंजुरीचा क्रम

निवेदनास ग्रामसभेचा ठराव, स्थळाचा हाताने काढलेला नकाशा, छायाचित्रे आणि अपघातांचा तक्ता जोडतात. त्यानंतर अभियंता शासनाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश असा प्रवास होतो. निधी एका संस्थेचा आणि रस्ता दुसरीचा असेल, तर मालक यंत्रणेचा ना हरकत दाखला लागतो. तो मिळण्यास बराच अवधी जात असल्याने त्यासाठीचा अर्ज निवेदनासोबतच करावा. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्यास नवीन कार्यादेश थांबतात. निवेदनाची आवक क्रमांकासह पोच घेऊन ठेवणे हा साधा नियम पुष्कळजण विसरतात आणि पुढे पाठपुराव्याच्या वेळी हात चोळत बसतात.

काम पूर्ण झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन देयक दिले जाते. देखभालीची तरतूद मात्र मूळ अंदाजपत्रकात क्वचितच असते. रहदारीच्या रस्त्यावरील पट्टे एक-दोन पावसाळ्यांत पुसट होतात, फलक झाडीआड जातात. ज्या ग्रामपंचायती पुढील वर्षाच्या आराखड्यात पट्टे पुन्हा रंगवण्याचे काम आधीच नमूद करतात, त्यांना नव्याने संपूर्ण प्रस्ताव करावा लागत नाही.