पंखांचं ओझं

अवकाशयानाला पंख हवेतच, हा आग्रह अमेरिकेच्या स्पेस शटलला फार महागात पडला. अवकाशात हवा नाही, त्यामुळे तिथे पंख म्हणजे निव्वळ वजन. त्यांचा उपयोग परतताना वातावरणात शिरल्यावरच. शटलचे त्रिकोणी पंख एवढे मोठे झाले ते हवाई दलामुळे. ध्रुवीय कक्षेत एकच फेरी मारून उतरताना यानाला सुमारे 2,000 किलोमीटर बाजूला सरकता यावं, अशी त्यांची अट होती. तशी मोहीम कधी झालीच नाही. पंख मात्र 1981 ते 2011 या काळातल्या 135 उड्डाणांत वाहावे लागले, शिवाय उष्णतेपासून जपावे लागले. 2003 मध्ये इंधनटाकीवरून निखळलेल्या फोमच्या तुकड्याने कोलंबिया या शटलच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचं कार्बनचं आवरण फोडलं. परतताना त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले.

हबल दुर्बीण शटलनेच दुरुस्त केली ना, असं कुणी म्हणेल. खरं आहे; पण ते काम यांत्रिक हाताचं, मालकक्षाचं आणि अंतराळवीरांचं. पंखांचं खरं श्रेय 1984 चं: चुकीच्या कक्षेत अडकलेले दोन उपग्रह पोटात घेऊन शटल धावपट्टीवर अलगद उतरलं. अशी वेळ तीस वर्षांत मोजकीच आली. माणसं तर रशियाच्या सोयुझ यानाच्या बिनपंखी कुपीतून, पॅराशूटच्या आधाराने, आजही परततात.