कार्बनचा पडदा, बोअरचे पाणी

छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात पाण्याची ओळख त्याच्या वाटेवरून होते. नळाचे पाणी, बोअरचे पाणी, टँकरचे पाणी आणि फिल्टरचे पाणी. नळाचे येते जायकवाडीहून. पैठणच्या नाथसागरातून उपसलेले पाणी नक्षत्रवाडीमार्गे शहरातल्या जलकुंभांत चढते आणि काही दिवसांच्या गॅपने घरोघरी पोचते. मधले दिवस बोअर आणि टँकर निभावून नेतात. पिण्यापुरते मात्र फिल्टरचे, म्हणजे भिंतीवरच्या आरओ यंत्राचे नाहीतर वीस लिटरच्या जारचे. या यंत्राच्या पोटात एक नळकांडे असते, त्याला सगळे मेम्ब्रेन म्हणतात. ते मेम्ब्रेन सुधारण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा गेली वीस वर्षे कार्बनच्या अतिसूक्ष्म रूपांमागे लागल्या आहेत, आणि आपली मुंबईही त्यात मागे नाही.

बोअरच्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते, कारण खरी गाठ तिथेच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या सांध्याभेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेते. अशा जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६००. उकळल्याने यातला थोडाच भाग खाली बसतो; गाळून किंवा तुरटी फिरवून हे क्षार जात नाहीत. म्हणून आरओ, म्हणजे दाब देऊन पडद्यातून पाणी ढकलणारे यंत्र.

मेम्ब्रेन खराब झाले की मेकॅनिक ते बदलून जुने टाकून देतो. टाकण्याआधी ते एकदा कटरने उभे चिरून पाहावे. मधोमध बारीक भोके पाडलेली प्लॅस्टिकची नळी दिसते आणि तिच्याभोवती पांढऱ्या कागदासारखी पाने गुंडाळलेली असतात. हा कागद जेमतेम दीडशे मायक्रॉन जाडीचा. त्यात तळाला पॉलिस्टरचे कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, आणि सर्वांत वर पॉलिअमाइडची कातडी. ही कातडी शंभर-दोनशे नॅनोमीटरची, म्हणजे फार तर मायक्रॉनच्या पाचव्या हिश्श्याएवढी. क्षार अडवायचे काम ती एकटी करते. बाकी सगळे तिला आधार द्यायला आहे.

या पडद्याच्या जन्मात एका भारतीयाचा निम्मा वाटा आहे. १९५९-६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात श्रीनिवास सौरिराजन आणि सिडनी लोब यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा असा पडदा बनवला की खाऱ्या पाण्यातून कामापुरते गोडे पाणी पहिल्यांदा वेगाने निघू लागले. १९६५ मध्ये कोलिंगा या गावी त्यावर पहिला सार्वजनिक प्रकल्प चालला. पुढे सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी आजची पॉलिअमाइडची कातडी घडवली: एक रसायन पाण्यात, दुसरे तेलासारख्या द्रावकात, आणि दोन्ही जिथे भेटतात त्या रेषेवर काही सेकंदांत पडदा धरतो. घराघरातल्या यंत्रांत अजून तोच वंश चालू आहे.

पॉलिअमाइडला दोन गोष्टी सोसत नाहीत. पहिली क्लोरीन. महापालिकेच्या पाण्यातले क्लोरीन ही कातडी तोडते, म्हणून मेम्ब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर बसवतात. बहुधा नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा. म्हणजे कार्बन या यंत्रात आधीपासून आहे, पण दाराबाहेरचा राखणदार म्हणून. दुसरा शत्रू थर: जिवाणूंचा चिकट थर आणि क्षारांची पुटे. नव्या संशोधनाला कार्बन आत, खुद्द पडद्यात न्यायचा आहे.

त्यातली पहिली वाट कार्बनच्या नलिकांची. जपानच्या सुमिओ इइजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाने या नलिका जगासमोर आल्या. २००१ मध्ये संगणकावरच्या गणिताने दाखवले की अशा अतिअरुंद नलिकेत पाण्याचे रेणू एकामागे एक रांगेने, जवळपास घर्षणाविना सरकतात. २००६ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने दोन नॅनोमीटरहून अरुंद नलिकांच्या पडद्यातून पाणी सोडले, तर प्रवाह नेहमीच्या सूत्रांच्या हजारपटीहून अधिक भरला. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याआधीच, २००४ मध्ये, नलिकांच्या गाळणीतून पोलिओचा विषाणू अडवून दाखवला होता.

महाराष्ट्राने या कामाला दोन्ही बाजूंनी हात लावला. पवईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शरण यांच्या गटाने कार्बन नलिका चक्क कापरापासून बनवल्या. खनिज तेलाऐवजी झाडापासून मिळणारा कच्चा माल, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात निःक्षारीकरणाचा स्वतंत्र विभाग अनेक दशके काम करतो आहे. सायरस अणुभट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर दिवसाला ३० हजार लिटर गोडे पाणी काढणारे संयंत्र त्यांनी उभारले. तमिळनाडूत कल्पाक्कमला अणुवीज केंद्राला जोडलेला ६३ लाख लिटरचा प्रकल्प त्यांचाच, त्यातले १८ लाख लिटर आरओचे. याच विभागातले सौमित्र कर, आर. सी. बिंदल आणि पी. के. तिवारी यांनी २०१२ मध्ये 'नॅनो टुडे' या नियतकालिकात कार्बन नलिकांच्या पडद्यांच्या शक्यता आणि अडचणी मांडल्या. अडचणी आजही त्याच आहेत. मीठ अडवायचे तर नलिका एक नॅनोमीटरहून अरुंद हव्यात, सगळ्या सारख्या हव्यात, अब्जावधी उभ्या राहायला हव्यात आणि मध्ये एकही फट नको. म्हणून आता बहुतेक गट नलिका उभ्या करण्याचा हट्ट सोडून पॉलिअमाइडमध्ये त्यांची चिमूटभर भुकटी मिसळतात.

दुसरी वाट ग्राफीन ऑक्साइडची. शिशपेन्सिलीतले ग्राफाइट तीव्र आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटने सोलले की एकेका अणूच्या जाडीची पाने सुटतात. विड्याच्या पानांच्या चवडीसारखी ती एकावर एक बसतात आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढते. मँचेस्टरमध्ये राहुल रवींद्रन नायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की हेलियमसारखा वायूही अडवणाऱ्या या थरातून पाण्याची वाफ बिनदिक्कत पार होते. पण पाण्यात बुडवल्यावर थर फुगतो, पानांमधली फट वाढते आणि मीठही निसटते. २०१७ मध्ये त्याच गटाने थर इपॉक्सीत जखडून फट आवरली आणि ९७ टक्के मीठ अडवले.

आता आपल्या कामाचे. पडदा अधिक पाणी सोडू लागला तर नेमके काय वाचते? अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने २०१४ मध्ये हिशेब मांडला: प्रवाहक्षमता तिप्पट झाली तर समुद्राच्या पाण्याच्या प्रकल्पात ऊर्जा १५ टक्केच वाचते, कारण समुद्राचा परासरण दाब सुमारे २७ बार असतो आणि तो ओलांडण्याची किंमत कोणताही पडदा माफ करत नाही. मचूळ पाण्यात मात्र ४६ टक्के वाचते. म्हणजे या संशोधनाचा मोठा लाभ समुद्रकाठापेक्षा मराठवाड्यासारख्या मुलखाला आहे, आणि हे पुरेशा जोराने कोणी सांगत नाही.

तरी विजेपेक्षा मोठे दुखणे वेस्टच्या नळीचे आहे. घरगुती यंत्र साधारण लिटरभर गोड्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकते. हे कमी का करता येत नाही? चौथा हिस्सा पाणी काढले तर उरलेल्या पाण्यात क्षार सव्वापट होऊन थोडे वर जातात. तीन हिस्से काढले तर चौपट होतात. कॅल्शियम तिथेच पडद्यावर बसतो आणि मेम्ब्रेन चोंदते. नळाला दिवसांचा गॅप असलेल्या शहरात हे पाणी मोरीत जाताना पाहवत नाही.

इथे कार्बनची परीक्षा आहे. ग्राफीन ऑक्साइडचा लेप पॉलिअमाइडवर दिला तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, क्लोरीनचा मारा सोसतो, जिवाणूंचा थर कमी धरतो, असे प्रयोग झाले आहेत. पण त्याच ऑक्साइडच्या कडांवर आम्लगट असतात आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतात. चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले की सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन पानांमधली फटच ठरवतात. म्हणजे आपल्या बोअरचा कॅल्शियम हा पडदा सुधारेल की बिघडवेल, हे मिठाच्या पाण्यावरून कळणार नाही. आणि प्रयोगशाळेत मोजणी होते ती बहुधा साध्या मिठाच्या द्रावणावर. घरगुती मेम्ब्रेनची क्षमताही लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्षाराच्या, आधीच मऊ केलेल्या पाण्यावर ठरवण्याची पद्धत आहे. आपले पाणी तसले नाही. शिवाय सुट्या नलिका पाण्यात उतरता कामा नयेत. लांब नलिका उंदरांच्या शरीरात अॅस्बेस्टॉससारखी इजा करतात, हे २००८ पासून माहीत आहे.

म्हणून पवई आणि ट्रॉम्बेच्या संशोधकांना, आणि आपल्या शहरातल्या महाविद्यालयांनाही एक विनंती: नव्या पडद्याची पहिली चाचणी गारखेडा-पुंडलिकनगरच्या बोअरच्या पाण्यावर घ्या, निदान सहा महिने सलग, आणि गोड्या पाण्याइतकेच वेस्टचे मोजमापही छापा. वाचकांनी तोवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणारे मीटर घेऊन नळाचे आणि बोअरचे पाणी वेगवेगळे मोजावे. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला बजावले होते की ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओ नको, आणि जिथे हवे तिथे निदान ६० टक्के पाणी हाती आले पाहिजे. नळाचे पाणी या मर्यादेत भरत असेल, तर ते गाळून जंतुमुक्त करणारे साधे यंत्र पुरते. पॉलिसल्फोनच्या पडद्याचे, विजेशिवाय चालणारे असे यंत्र भाभा केंद्रानेच विकसित केले आहे. आरओ फक्त बोअरच्या पाण्यासाठी ठेवा, आणि वेस्टच्या नळीखाली बादली लावा.