अर्धघन धातूचे बळ



हिवाळ्यात तुपाचे भांडे उघडले, की त्यात रवा धरलेला दिसतो आणि त्या रव्याच्या फटींतून थोडे पातळ तूप खेळत असते. अशा तुपाला घन म्हणावे की द्रव? धातूंच्या सृष्टीतही ही मधली अवस्था आहे, आणि ओतशाळेतील व धातुशुद्धीच्या कारखान्यातील कित्येक यशापयशांचे मूळ तिच्यातच सापडते.

शुद्ध धातू एका ठराविक तापमानाला गोठतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला, तर शिसे ३२७ अंशांना. मिश्रधातूंचे बहुधा तसे नसते. दोन भाग शिसे आणि एक भाग कथील यांचा डाख अडीचशे अंशांच्या आसपास गोठू लागतो आणि १८३ अंशांवर येईपर्यंत पुरता घट्ट होत नाही. या अंतरात तो लगद्यासारखा असतो. शिशाचे नळ जोडणारे जुने कारागीर नेमका हाच लगदा जाड कापडाने सांध्याभोवती लिंपीत.

या लगद्याच्या अंगी बळ किती असते? त्यात घनाचा वाटा जितका, तितके बळ, असे सहज वाटते. परंतु घन किती आहे याइतकेच, तो कसा रचलेला आहे यालाही महत्त्व असते. धातू निवांत गोठू लागला म्हणजे त्याचे स्फटिक झाडासारखे वाढतात. खोडाला फांद्या आणि फांद्यांना उपफांद्या फुटतात. घनाचा वाटा शेकडा वीस-पंचवीसच्या घरात जाताच या फांद्या एकमेकींत गुंतू लागतात. मग तीन-चतुर्थांश द्रव शिल्लक असूनही ते मिश्रण ओतता येत नाही. द्रव जणू त्या जाळ्यात कोंडला जातो.

१९७१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत प्राध्यापक मर्टन फ्लेमिंग्ज यांचे विद्यार्थी डेव्हिड स्पेन्सर कथलात शेकडा १५ शिसे मिसळून त्याच्या अर्धघन स्थितीचे बळ मोजत होते. धातू आधी निवांत गोठू दिला आणि मग फिरवला, तर त्याचा विरोध मोठा असे. परंतु गोठण्याच्या आरंभापासून तो सतत ढवळत ठेवला, तर घनाचा वाटा शेकडा ४० झाला तरी विरोध शेकडो पटींनी कमी भरे. ढवळण्यामुळे फांद्यांची झाडे न वाढता गोलसर दाणे तयार झाले होते, आणि गोलसर दाणे एकमेकांत अडकत नाहीत. न हलवता विरजलेले दही सुरीने कापता येते आणि तेच घुसळले की पातळ होते, तसाच हा काहीसा प्रकार.

आता हा द्रव घनापासून वेगळा करण्याचा विचार करू. तसे करण्याला कारण आहे. मिश्रधातू गोठताना आधी जे स्फटिक बनतात त्यांची घडण आणि उरलेल्या द्रवाची घडण भिन्न असते. १८३३ साली इंग्लंडमध्ये ह्यू ली पॅटिन्सन याने या भेदाचाच उपयोग करून शिशातील चांदी काढण्याची पद्धत सिद्ध केली. वितळलेले शिसे सावकाश थंड करावयाचे आणि तयार होणारे शिशाचे स्फटिक झाऱ्याने उपसावयाचे. मागे उरणाऱ्या द्रवात चांदीचे प्रमाण वाढत जाई. ही क्रिया एकामागून एक अनेक कढयांत करावी लागे.

झाऱ्याने निथळणारा द्रव थोडा. फांद्यांच्या फटींत पृष्ठताणाने धरून ठेवलेला पुष्कळ. तो बाहेर काढावयाचा तर अधिक ओढ हवी, आणि ती चक्रगतीपासून मिळते. साखर कारखान्यात दाणे आणि मळी जाळीच्या फिरत्या पिंपात वेगळी होतात, ती याच तत्त्वावर. वीस सेंटिमीटर त्रिज्येचे पिंप मिनिटाला हजार फेरे घेऊ लागले, तर त्याच्या भिंतीशी असलेला प्रत्येक कण पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे २२० पट जोराने बाहेर दाबला जातो.

येथेच बळाचा प्रश्न कळीचा ठरतो. हा जोर द्रवाला बाहेर काढतो, तसाच घन जाळ्यालाही भिंतीवर चेपतो. जाळे फार दुबळे असेल तर ते भिंतीपाशी दबून जाते, तिथल्या वाटा बुजतात आणि आतला द्रव आतच अडकतो. श्रीखंडासाठी दही टांगण्याऐवजी एकदम जोराने पिळले, तर चक्का कापडाला बसतो आणि पाणी अडते, हे गृहिणींना ठाऊक आहे. उलट जाळे फार चिवट व दाट असेल, तर ते चेपून आतला द्रव पिळून काढता येत नाही. साखरेचे दाणे सुटे व टणक असतात, म्हणून तेथे काम सोपे. धातूचे स्फटिक तापलेले, मऊ आणि गुंतलेले. म्हणून धातू किती वेगाने थंड करावा, केव्हा ढवळावा आणि घनाचा वाटा किती झाल्यावर पिंप फिरवावे, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. हे जाळे दाब काही अंशी सोसते. ताण मात्र जवळजवळ सोसत नाही, कारण दाण्यादाण्यांमध्ये अजून द्रवाचे पातळ पापुद्रे असतात. साच्यातला धातू शेकडा नव्वदच्या आसपास गोठला असताना आकसू लागतो. साचा त्याला आकसू देत नाही आणि पापुद्र्यांत नवा द्रव पोचत नाही. मग यंत्राचा भाग वापरात येण्यापूर्वीच त्याला चीर पडते.

या अभ्यासाचे मोल आज भंगाराच्या ढिगाशी जोडलेले आहे. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे विसाव्या भागात भंगार वितळवून ते पुन्हा मिळते. परंतु प्रत्येक वितळणीत त्यात लोह मिसळत राहते, आणि ते जाळून काढता येत नाही, कारण प्राणवायूशी ॲल्युमिनियमच आधी संयोग पावते. त्यात लोहयुक्त स्फटिक बनवून गाळून वा फिरवून काढणे हा एक मार्ग आहे. हे लोहयुक्त स्फटिक पात्यांसारखे असले तर गुंतून वाट अडवतात. मँगनीज घातल्यास ते आटोपशीर, दाणेदार होतात आणि वेगळे करणे सुकर होते. म्हणजे येथेही निर्णय होतो तो आकारावरच.

गोठून घट्ट झालेल्या धातूचे गुण आपण मोजतो, वाखाणतो. परंतु त्याची शुद्धी आणि त्याची चीर, या दोहोंची बीजे तो ना घन ना द्रव असतो त्या थोड्या क्षणांत पडलेली असतात. ते क्षण ज्याला सांभाळता आले, त्याला धातू सांभाळता आला.