व्हिव्हिअनाइट
खनिज. लोहाचे सजल फॉस्फेट. स्फटिक एकनत, प्रचिनाकार व बहुधा चपटे. मातकट रूपातही आढळते. पाटन एका दिशेत उत्कृष्ट. कठिनता १.५–२. वि. गु. सु. २.६८. चमक काचेसारखी, पाटनपृष्ठावर मोत्यासारखी. ताजे खनिज रंगहीन असते; उजेडात व हवेत ते निळे, हिरवे व अखेर काळपट होते. म्हणजे वर्णनांतून दिला जाणारा निळा रंग हा वस्तुतः बदललेल्या खनिजाचा रंग होय. ए. जी. वेर्नर यांनी १८१७ मध्ये कॉर्नवॉलमधील जॉन हेन्री व्हिव्हिअन यांच्या नावावरून हे नाव दिले.

रेणुसूत्रात द्विसंयुजी लोहाचे तीन अणू, दोन फॉस्फेट गट व पाण्याचे आठ रेणू असतात. एच्. मोरी व टी. इटो यांनी १९५० मध्ये याची संरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. लोहाच्या जागा दोन प्रकारच्या आहेत. एकतृतीयांश अणू एकेकट्या अष्टफलकांत असून प्रत्येकाभोवती पाण्याचे चार रेणू व फॉस्फेटांचे दोन ऑक्सिजन असतात. उरलेल्या अणूंची अष्टफलके एक कड सामाईक असलेल्या जोड्यांत असून प्रत्येकाच्या वाट्यास पाण्याचे दोनच रेणू येतात. फॉस्फेटांच्या चतुष्फलकांनी ही अष्टफलके जोडली जाऊन थर बनतात. थरांमध्ये केवळ दुर्बल हायड्रोजन बंध असतात. उत्कृष्ट पाटनाचे कारण हेच.

लोहाच्या प्रत्येक आयनात चार अयुग्मित इलेक्ट्रॉन असल्याने नेहमीच्या तापमानास खनिज समचुंबकीय असते. सु. ९ के. च्या खाली ते प्रतिलोहचुंबकीय बनते. हेमॅटाइटात हीच सीमा ९५० के. च्या आसपास आहे. तेथे लोहाचे आयन ऑक्सिजनांच्या द्वारे सर्व दिशांनी निकट जोडलेले असतात; येथे जोडीबाहेरील परस्परक्रिया फॉस्फेट गटांतून व्हावी लागते, म्हणून ती क्षीण पडते. चुंबकीय संरचनेचा अभ्यास १९७० मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने झाला. मॉसबौअर वर्णपटात दोन्ही जागांच्या रेषा वेगळ्या दिसतात व त्रिसंयुजी लोहाचा अल्प अंशही लपत नाही. चुंबकीय मापनापूर्वी ही तपासणी अवश्य करावी.

ऑक्सिडीभवनात लोहाचा एक इलेक्ट्रॉन जातो व पाण्याच्या रेणूतील एक प्रोटॉन निघून हायड्रॉक्सिल उरतो, त्यामुळे विद्युत् भाराचा समतोल टिकतो. शेजारच्या द्विसंयुजी व त्रिसंयुजी आयनांमधील इलेक्ट्रॉन-संक्रमणात तांबडा प्रकाश शोषला जाऊन निळा रंग येतो. संग्रहालयांतील नमुने यासाठी अंधारात ठेवतात. सतराव्या शतकातील काही डच चित्रांत हे रंगद्रव्य म्हणून वापरलेले आढळले आहे. तेथेही त्याचा रंग बदलू शकतो.

ऑक्सिजनविरहित दलदली, पीट, सरोवरांतील गाळ, तसेच गाडली गेलेली हाडे व शिंपले यांत हे आढळते. केर्च द्वीपकल्पातील जीवाश्म शिंपल्यांतील स्फटिक विख्यात आहेत. लोहाची लवणे मिसळलेल्या सांडपाण्याच्या मैल्यातही पचनक्रियेनंतर पुष्कळसा फॉस्फरस याच रूपात राहतो. समचुंबकत्वामुळे हे सूक्ष्म कण प्रबळ चुंबकीय क्षेत्राने मैल्यातून वेगळे करता येतात. नेदर्लंड्समध्ये ही पद्धत प्रायोगिक संयंत्रांत वापरून पाहण्यात आली आहे.