आधी रेशीम, मग शिक्का
(जुन्या घरातला ऐवज : लेखांक ७)

गिरगावातल्या एखाद्या जुन्या बिऱ्हाडात माळ्यावरून चिनी किंवा जपानी गुंडाळीचित्र निघालं, की घरातली सगळी कोपऱ्यातल्या लाल शिक्क्यावर वाकतात. कोणीतरी लिपी वाचून द्यावी, म्हणजे किंमत कळेल, अशी आशा असते. मी मात्र सही-शिक्का शेवटी पाहा असंच सांगेन.

पहिला प्रश्न, चित्र हातचं की छापील? राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावातच सुरू झाला. तिथल्या चित्रांवरची सहीसुद्धा चित्राबरोबर छापूनच येई. जपानी गुंडाळ्यांच्याही उत्तम छापील प्रती निघाल्या आहेत. भिंग धरा. छापील रंगात सहसा बारीक कण किंवा ठिपके दिसतात. कुंचल्याची शाई धाग्यांत मुरलेली असते, कुठे दाट, कुठे विरळ.

मग रेशीम. वारंवार गुंडाळल्यानं त्याला आडव्या भेगा पडतात. वयाचा काळवंडलेपणा सहसा कमी-जास्त असतो. चहाच्या पाण्यानं आणलेलं म्हातारपण मात्र सगळीकडे एकसारखं तपकिरी दिसतं.

आता शिक्का. त्याचा लाल लगदा हिंगूळ, एरंडेल आणि रेशमाचे किंवा वनस्पतीचे तंतू घोटून करतात. भेग शिक्क्याला चिरत गेली असेल, तर शिक्का भेगेच्या आधीचा. लाली भेगेच्या आत उतरली असेल, तर तो नंतर मारलेला. नंतरचा शिक्का म्हणजे लबाडीच, असंही नाही. चित्र ज्यांच्या हातांतून गेलं ते संग्राहकही आपले शिक्के उमटवत. चीनच्या छियेनलुंग बादशहानं तर जुन्या चित्रांवर ते मुक्तहस्ते मारले.

सहीसोबतचं वर्षही फसवतं. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच चीन-जपानातलं वर्षनामांचं चक्र ६० वर्षांचं. १८६४ आणि १९२४ या दोन्ही वर्षांचं नाव एकच! शतक ठरवायला पुन्हा रेशमाकडेच यावं लागतं.

आणि चांग ता-छ्येन (१८९९–१९८३) आठवावा. चीनमधल्या तुनह्वांगच्या लेण्यांतली भित्तिचित्रं नकलून काढणारा हा थोर चित्रकार १९५० मध्ये आपल्या अजिंठ्यालाही येऊन गेला. जुन्या गुरूंच्या नावानं चित्रं रंगवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्यासाठी तो जुन्यासारखे शिक्केही बनवून घेई. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयानं १९५७ मध्ये दहाव्या शतकातलं म्हणून घेतलेलं निसर्गचित्र आज त्याचंच मानलं जातं. जिथे तज्ज्ञ फसले, तिथे मोबाइलवर शिक्का वाचून किंमत सांगणाऱ्यावर भिस्त ठेवू नये.

शंभर वर्षांहून जुनं ठरलं, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार चित्र खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशी लिलावांतले आकडे इथे लावू नयेत.

चित्र तपासून होईतोवर पाठीमागचा कागद सोलू नका, पावसाळ्यात भिंतीवर टांगू नका, आणि लाकडी पेटी असेल तर फेकू नका. जपानी चित्रांत त्या पेटीवरचं लिखाण हा मोठा पुरावा असतो. पुढच्या आठवड्यात त्याविषयीच.