एसीचे पाणी आणि भिंतीवरची बुरशी
एसी खोलीतली हवा थंड करतो, तशी कोरडीही करतो. इनडोअर युनिटमधल्या थंड कॉइलवरून हवा गेली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या ट्रेमध्ये जमते आणि ड्रेन पाइपमधून बाहेर जाते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. या पाण्याची वाट अडली की ट्रे भरून वाहतो. थेंब जमिनीवर पडले तर लगेच लक्षात येते. युनिटच्या मागून भिंतीत उतरले तर रंगाचे पोपडे सुटेपर्यंत पत्ता लागत नाही.

बहुतेक वेळा धूळ आणि बुळबुळीत शेवाळी थर साचून पाइप तुंबलेला असतो. कधी पाइपला पुरेसा उतारच दिलेला नसतो. फिल्टर धुळीने भरला किंवा गॅस कमी झाला तर कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो एकदम वितळून ट्रेबाहेर येतो. तांब्याच्या पाइपवरचे फोमचे आवरण फाटले असेल, तर पाइपलाच बाहेरून पाणी सुटते आणि दोष मात्र ड्रेनला दिला जातो.

बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात. वाढायला त्यांना ओल पुरते. रंग, धूळ, प्लायवूड, जिप्सम बोर्डावरचा कागद हे त्यांचे खाद्य. भिजलेली जागा 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना तिचा त्रास विशेष होतो. काळी बुरशी म्हणजे विषारी, ही समजूत चुकीची आहे. रंगावरून जात ओळखता येत नाही आणि सफाई सगळ्यांची सारखीच करायची असते. पांढरी भुकटी दिसली तर तिच्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार. बुरशी विरघळत नाही.

घरोघरी होणारी चूक म्हणजे मेकॅनिकच्या आधी रंगारी बोलावणे. ओल्या भिंतीवरचा रंग, मग तो ‘अँटी-फंगल’ का असेना, पुन्हा सुटतोच. आधी गळती थांबवावी, मग भिंत साफ करून वाळू द्यावी आणि रंग सर्वांत शेवटी द्यावा.

डाग साधारण दहा चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर सफाई घरी करता येते. त्याहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवावे. एसी बंद, खिडक्या उघड्या, तोंडाला एन-95 मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. कोरड्या ब्रशने खरवडल्यास बीजाणू खोलीभर उडतात, म्हणून डिटर्जंटच्या पाण्याने ओले करूनच घासावे आणि लगेच पुसून घ्यावे. ब्लीचची गरज सहसा पडत नाही. टॉयलेट साफ करण्याच्या ॲसिडमध्ये तर ते कधीच मिसळू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बुरशी लागलेला जिप्सम बोर्ड कापून काढावा. उशी आणि गादी सरळ टाकून द्यावी. भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ तपासायला बरेच जण विसरतात.

प्लास्टर आतून वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले तर रंगाची घाई करू नये.

एसीच्या ब्लोअरवर काळे ठिपके असतील तर वरून स्प्रे मारून भागत नाही, युनिट उघडूनच धुवावे लागते. बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे एसी नुसत्या फॅनवर चालवला तर कॉइल वाळते. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांखाली राहिली तर बुरशीला थारा मिळणे कठीण. आणि एसी आठवडाभर बंद ठेवूनही डाग पसरत राहिला, तर पाणी बहुधा एसीचे नव्हे. वरच्या मजल्यावरचे बाथरूम किंवा बाहेरच्या भिंतीची भेग तपासावी.